मोटारीतलं माहेर

१४ नोव्हेंबर १९६९, डिंडोली (सुरत)

सुलीला सातवा महिना लागला. नंदुरबारहून जावईबापूंचं कार्ड आलं. सुवाच्य, शाळामास्तरचं अक्षर. तळाला कोपऱ्यात एकच ओळ सुलीच्या हातची: आप्पा, मला न्यायला कधी येता?

वर वि.बाईंचा निरोप. (विहीणबाईंना वहीत वि.बाई लिहितो. पूर्ण लिहिलं की समोर येऊन बसल्यासारखं वाटतं.) म्हणतात, पहिलं बाळंतपण माहेरी, हे आम्हालाही कळतं. पण माहेर आहे कुठं? आई नाही, घर नाही. पोरीनं मोटारीत बाळंत व्हायचं का?

बोलल्या त्यात खोटं काही नाही. नदीकाठची खोली पुरात गेली तेव्हा लूमच्या कारखान्याच्या शेठनी ही जुनी बस राहायला दिली. पूर्वी साड्या भरून जत्रांना न्यायचे हिच्यातून. आता इंजिन नाही, चाकांच्या जागी विटांचे खांब. लूमची फिटिंग करता करता उमर गेली, आता शेठचा प्लॉट राखतो आणि मोटारीत राहतो. एकट्याला राजवाडा आहे. पण सुलीची आई, सुभद्रा, असती तर तिनं आजच फडकं बांधून पत्रा घासायला घेतला असता.

सातव्यात आणली तर आणली. आठव्यात पोटुशीला गाडीत घालत नाहीत. नवव्यात आणायला मन घट्ट लागतं, माझंही आणि त्यांचंही.

१६ नोव्हें.

जिजीला लिंबायतहून बोलावून आणलं. माझी थोरली बहीण, पोराकडे असते. तिच्या हाताखालून गल्लीतली अर्धी पोरं जगात आलीत. सुलीचं बाळंतपण मी करते म्हणाली, मागं-पुढं न पाहता. मग मोटारीच्या पत्र्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

“भो, हाई ते बरफनी पेटी शे.”

खरं आहे. सुरतेत थंडी म्हणजे पाहुणी, असं लोक म्हणतात. पण इथं उघडं शेत, वर दव, आणि या पत्र्यात तीच पाहुणी घरजावई होऊन बसते. पहाटे छतातून थेंब पडतात. पाऊस नसतो काही नसतो, माझाच श्वास वर जाऊन गार होतो नि टपकतो.

जिजी म्हणाली, बाजेखाली शेगडी हवी, आणि वारा एक काडीभरसुद्धा आत यायला नको. बाळंतिणीच्या अंगात वारा शिरला की जन्माचं दुखणं.

हे माझ्या हातचं काम. वारा अडवणं म्हणजे शेवटी फिटिंगच.

१९ नोव्हें.

तीन दिवस तेच. गिअरच्या दांड्याचं भोक, पायाखालच्या पॅडलांची भोकं, सगळ्यांवर पत्रा. खिडक्यांच्या काचा खडखडायच्या, त्यांच्या फटीत लूमवरच्या चिंध्या ठासल्या, वरून पुट्टी. दाराला सायकलच्या ट्यूबची पट्टी. मग उदबत्ती लावून बसलो. धूर सरळ उभा, देवळातल्या दोरीसारखा. कुठं वळला नाही.

आपल्याच कामावर खूष होऊ नये म्हणतात. झालो.

जावईबापूंना परवाच लिहिलं की वि.बाईंनी स्वतः यावं, सुलीला घेऊन. चार दिवस राहून बघावं. पटलं तर सुली इथंच राहील, नाही पटलं तर मी तोंड उघडणार नाही.

२१ नोव्हें.

आल्या. उधन्याला उतरवून घेतलं. आधी पाय उतरला, मग पोट, मग सुली. तोंडावर तेज आलंय, डोळ्यांखाली मात्र काळं. माझा हात धरला तो प्लॉटपर्यंत सोडला नाही. रस्त्यात एवढंच म्हणाली, “आप्पा, तुम्ही बारीक झालात.” पोटुशी बाई मला बारीक म्हणते.

वि.बाई मोटारीच्या पायरीवर उभ्या राहिल्या. आत वाकून पाहिलं. म्हणाल्या, “कंडक्टर कुठाय? दोन तिकिटं नंदुरबार.”

सुली पदर तोंडाला लावून हसायला लागली. मग वि.बाईही हसल्या थोड्या. मी म्हणालो, विहीणबाई, ही गाडी आता कुठंच जात नाही, म्हणून तर घर म्हणतो.

“तेही खरंच,” म्हणाल्या, आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन टेकल्या. सगळ्यात चांगली जागा ओळखून.

२२ नोव्हें.

दुपारी जिजीनं भरीत केलं, कळण्याची भाकरी. सगळ्यांनी खाल्लं. जिजी तिच्या पोरासाठी डब्यात घेऊनही गेली. संध्याकाळी शेगडी बाहेर पेटवली, धूर जाऊ दिला, निखारे लाल झाल्यावरच आत नेऊन बाजेखाली सरकवली. मी बाहेर छपरीत झोपतो, मला गोधडी पुरते.

निजायच्या आधी वि.बाईंनी आतून हाक मारली. मी धावलो. त्यांनी शाल काढून ठेवली होती.

“व्याहीबुवा, गरम आहे हो. आमच्या घरातही एवढी ऊब नाही.”

यापरतं मला दुसरं काय हवं होतं. दार नीट ओढून घेतलं, ट्यूबची पट्टी बसली का ते बोटानं चाचपलं.

२३ नोव्हें.

सकाळी दोघी आजारी. सुलीला उलट्या, डोकं फुटतंय म्हणते. वि.बाई बाहेर यायला उठल्या आणि पायरीवरच बसल्या, गुडघ्यात जीवच नाही. चेहरा लालबुंद. मला वाटलं उन्हानं.

“सुलीला उलटी, मलाही उलटी,” म्हणाल्या. “मलाही दिवस गेले म्हणायचं का आता?”

कोणी हसलं नाही. त्याही नाही.

मग म्हणाल्या, भरीत बाधलं. तेल जास्त होतं. जिजीनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, पण भरताचं ते बोलणं तिच्या मनाला लागलं. बाभळीखाली खाट टाकली, दोघींना तिथं निजवलं. उन्हं डोक्यावर येईतो दोघी ताज्यातवान्या. सुलीनं ताक मागून घेतलं.

वास जावा म्हणून मोटारीचं दार सताड उघडं ठेवलंय. आज शेगडी नको म्हणाल्या वि.बाई, नुसत्या वासानं मळमळतं.

२४ नोव्हें.

गेल्या. रात्री गार होतं पण झोप चांगली लागली म्हणे दोघींना. स्टेशनावर वि.बाई म्हणाल्या, “पाहू. मोटार ती मोटार. पण तुम्ही मनापासून केलंत, हे मी तिथं सांगीन.”

गाडी हलली. सुली खिडकीतून पाहत होती. लहानपणी लूमच्या खोलीत मला डबा द्यायला यायची, तेव्हाही अशीच दारातून पाहायची. आवाजामुळे हाक ऐकू यायची नाही, म्हणून नुसती बघत उभी.

२६ नोव्हें.

काल लिहिता आलं नाही. जे झालं ते आज लिहितो.

मनातून भरीत जाईना. भरीत मीही खाल्लं. जिजीनं खाल्लं, तिच्या पोरानं खाल्लं. कोणाचं काही दुखलं नाही. मग त्या दोघींचंच का? मी बाहेर होतो, जिजी घरी होती. आत फक्त त्या दोघी आणि शेगडी.

म्हणून काल दुपारी शेगडी तशीच पेटवली, तशीच बाजेखाली ठेवली, दार ओढून आत बसलो. हाताला काम हवं म्हणून जुनी कात्री कानशीवर घासत होतो. बराच वेळ काहीच नाही. मग कपाळ जड झालं. मग कात्री कुठं ठेवली तेच कळेना. उठावं असं मनात आलं, पण उठावंसं वाटेना. भीती नव्हती. उलट गोड वाटत होतं, सुभद्रेच्या मांडीवर डोकं ठेवल्यासारखं. ती केसांतून हात फिरवत होती. मी तिला सांगत होतो, सुली आली होती बरं का, आणि ती म्हणत होती, ठाऊक आहे, झोपा.

जिजीनं दार उघडलं. डबा परत द्यायला आली होती. मला काखेत धरून ओढत पायरीवर आणलं, या वयात.

“हाई काय करी राहिना तू आठे? तुले मराले मोटारच सापडनी का?”

मी भडभडून ओकलो. मग रडलो. ती समजली ओकल्यामुळे रडतोय.

आज डोकं दुखायचं राहिलं नाही म्हणून उधन्याच्या डॉक्टरकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी लिहिणं थांबवलं. म्हणाले, कोळसा बंद जागेत जळला की त्यातून विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर संपला, निखारा लाल झाला की लोकांना वाटतं आता धोका टळला, तेव्हाच तो जास्त. माणसाला झोप येते आणि त्या झोपेतून उठत नाही. मग म्हणाले, पोटातल्या बाळाला तो आईच्या आधी लागतो.

दोघींना आता कसं आहे, विचारलं. म्हणालो, कार्डाची वाट बघतोय.

उधन्यापासून चालत आलो. रिक्षात बसायचं सुचलंच नाही.

२७ नोव्हें.

पाटी पुसल्यासारखं झालंय डोकं. एकच कळत नाही. सुली झाली ती गावच्या घरात, ऐन थंडीत, बाजेखाली शेगडी होती. सुभद्रा त्या खोलीत सव्वा महिना निजली. तिला काही झालं नाही, सुलीला झालं नाही.

दुपारी सापडलं. ते घर मातीचं. वर धाब्याला फटी, भिंतीत उंदरांची बिळं, दार खालून चार बोटं उचललेलं. आई रोज त्या फटींना शिव्या द्यायची. त्याच फटींनी आम्हाला वाचवलं.

मी एकही ठेवली नाही. कारागिरी नडली.

२९ नोव्हें.

कार्ड आलं. दोघी बऱ्या आहेत, बाळ फिरतंय. सात वेळा वाचलं तेवढंच. पुढचं मग वाचलं.

जिजीशी वाद. तिला डॉक्टरचं पटतं, पण अर्धंच.

“मग पोरले थंडीमा ठेवशी?”

म्हणालो, थंडीत नाही. विस्तव बाहेर, ऊब आत. विस्तवाला आत यायचं कारणच नाही. लूमच्या शेडमध्ये तरी मोटर कुठं मागाच्या मांडीवर बसते? ती बाजूला असते, पट्टा ताकद आणतो.

“पट्टा कसाना?”

तोच शोधतोय.

२ डिसें.

सापडलं. विटा.

बाहेर चुलीत विटा तापवायच्या. घासलेटचा डबा आडवा कापून त्यात रेती पसरली, त्यात गरम विटा मांडायच्या, वरून पत्र्याचं झाकण, झाकणावर पोतं. तो डबा बाजेखाली. वीट धूर सोडत नाही, हवा खात नाही, नुसती हळूहळू गार होते. पहाटेच्या आधी एकदा बदलाव्या लागतात. मी उठेन. म्हाताऱ्याला तसंही उठावंच लागतं.

झाकणाला गाल लावून बघायचं. गालाला सोसलं तर बाळाला सोसेल. गोधडीचं टोक खाली लोंबायला नको, ते बाजेला बांधून टाकायचं.

आणि पुट्टी काढली. दाराकडची एक खिडकी खालून दोन बोटं, मागची एक वरून दोन बोटं, कायमची उघडी. स्वतः ठासलेल्या चिंध्या स्वतः उपटल्या. छताला आतून पोती शिवली, आता थेंब पडत नाहीत, पोतं पितं. फटी उघडल्या नि ओल गेली, हेही एक शिकलो. बंद मोटार गारही असते आणि ओलीही.

जिजी म्हणाली, धुरी तरी देऊ देशील का, ओवा-शेपांची? म्हणालो, दार सताड उघडून, चिमूटभर, आणि लगेच निखारा बाहेर. तिनं हिशेब केल्यासारखी मान हलवली.

“बाळंतपण का वीटभट्टीवर व्हस का रे?”

पण काल संध्याकाळी बाजेवर पाय सोडून बसली आणि घरी जायचं विसरली.

५ डिसें.

दुपारी कार्ड.

जावई लिहितात, आईनं ठरवलं, बाळंतपण इथंच. वाईट वाटून घेऊ नये. पुढं लिहितात, तुमच्या मोटारीतली ऊब मात्र आईला फार आवडली. गेल्या वर्षी बांधलेली स्लॅबची खोली बाळंतिणीला देतोय. तुमच्यासारखी खिडक्यांना पुट्टी लावून घेतली, शेगडीही तशीच आणली. खोली कशी तापते ते पाहायला सुली परवापासून तिथंच निजेल.

कार्ड कालचं, म्हणजे त्यांचं परवा आपलं उद्या.

त्यांना अजून भरीतच ठाऊक आहे. मी लिहायचं म्हणत होतो. आधी डबा नीट होऊ दे, मग लिहू, म्हणजे सांगताना हातात काही असेल. असं म्हणत बसलो.

आता सांगितलं की मोटारीचं नाव संपलं. कोणती सासू सून पाठवील, तिला जिथं मरण शिवून गेलं तिथं? आणि नाही सांगितलं तर सुली त्या खोलीत.

यात विचार करायला काही नाही. तार केली: शेगडी लावू नका, येतो. डबा पोत्यात बांधलाय. सकाळच्या भुसावळ पॅसेंजरनं निघतो.

७ डिसें., नंदुरबार

काल दुपारी पोचलो. तार पोचली होती, पण वि.बाई रागात. म्हणाल्या, “तार कसली करता? आम्हाला वाटलं तुम्हीच गेलात.”

खोली दाखवली. नवी, पांढरी, गुळगुळीत. खिडक्यांची पुट्टी माझ्याहून सफाईदार. शेगडी कोपऱ्यात, अजून कोरी. सुली दारात उभी, एक हात पोटावर.

उभ्या उभ्याच सांगितलं. भरीत नव्हतं. शेगडी होती. मीच कोंडून ठेवलं होतं तुम्हाला. पुढं मी स्वतः आत बसलो तेव्हा कळलं, डॉक्टरही तेच म्हणाले.

वि.बाई बाजेवर टेकल्या. मग, “म्हणजे त्या रात्री आम्ही दोघी.”

“तिघं,” मी म्हणालो. पोटाकडे पाहवलं नाही.

“आणि मी इथं चार जणींना सांगितलं, व्याह्यानं काय ऊब केली होती.”

जावई म्हणाले, आई, त्यांना ठाऊक नव्हतं. वि.बाई म्हणाल्या, “ठाऊक नव्हतं हे मला कळतं रे. झालं असतं तर काय, ते मी बघते आहे.” आणि उठून आत गेल्या.

सुलीनं मला पाणी दिलं. भांडं धरताना तिची बोटं माझ्या बोटांवर राहिली.

थोड्या वेळानं वि.बाई स्वतः चहा घेऊन आल्या. म्हणाल्या, “माझ्या पोरांच्या वेळी शेगडीच होती. सगळी जगली.” मी विचारलं, ते घर कसलं होतं? म्हणाल्या, कुडाचं. म्हणता म्हणता थांबल्या. वर स्लॅबकडे पाहिलं. मग पदर खोचून खिडकीशी गेल्या आणि विळीच्या टोकानं पुट्टी खरवडायला लागल्या. मी हात पुढं केला तर म्हणाल्या, “बसा. मीच लावून घेतली, मीच काढते.”

काल संध्याकाळी विटा लावल्या. सुली वर बाजेवर निजली, मी ओसरीत. पहाटेच्या आधी विटा बदलायला उठलो तर वि.बाई चुलीपाशी आधीच बसलेल्या, फुंकणी हातात.

“झोपा तुम्ही,” म्हणाल्या. “आमच्या घरात आहात.”

सकाळी सुली उठली. डोकं दुखत नाही म्हणाली. पाय गरम राहिले.

निघताना वि.बाईंना म्हणालो, माझी चूक पदरात घ्या. त्या म्हणाल्या, “सांगायला आलात ते पुष्कळ झालं. पण मोटारीचं आता बोलू नका.” नाही बोललो. डबा तिथंच ठेवला. जिथं सुली, तिथं ऊब.

१० डिसें.

सुलीला आठवा लागला. आता हलवायचा प्रश्न नाही.

दुसरा डबा कापला. का, ते विचारू नये. रिकामे हात वाईट.

१८ डिसें.

शेतावरून पोंक, म्हणजे आपला हुरडा, भाजल्याचा वास येतो. सुलीला पोंक फार. हिरवा, कोवळा, वर शेव नि लिंबू. सुरतेत जन्म काढून आमच्या पोरीची जीभ इथली झाली, पोट खानदेशातलं राहिलं. नंदुरबारला पोंक मिळत असेल का? पाठवला तर वाटेत वाळेल.

मीही घेतला नाही. एकट्यानं खायचा पदार्थ नव्हे तो.

२५ डिसें.

थंडी वाढली. सकाळी पत्र्यावर हात टेकवत नाही. तरी रोज विटा तापवून बाजेखाली सरकवतो नि मी खाली चटईवर निजतो. जिजी म्हणते, रिकाम्या बाजेला शेकतोस? म्हणालो, सवय मोडायला नको. विटा कुठल्या जास्त टिकतात ते बघतोय. जुन्या, दळदार, पक्क्या भाजलेल्या. शेठच्या पडक्या भिंतीच्या सगळ्यात चांगल्या.

खरं कारण ते नाही. ऊब आहे म्हटल्यावर कोणीतरी येणार आहे असं वाटतं.

२ जानेवारी १९७०

सुलीचं कार्ड. पूर्ण तिच्या हातचं. आठवा नीट चाललाय, पायाला थोडी सूज. सासूबाई रोज गालानं झाकण बघतात, माझ्यावर सोडत नाहीत. शेजारची एक पोटुशी बघायला आली तर तिलाही सांगतात, खिडकी उघडी ठेव, नाहीतर आमच्यासारखं होईल.

पुढं: आप्पा, इथं सगळं आहे. माणसं चांगली आहेत. पण झोप लागताना मला पॅसेंजरची शिट्टी डिंडोलीसारखी ऐकू येत नाही.

बस. एवढंच. ये म्हणाली नाही, न्या म्हणाली नाही. शहाणी आहे. आईवर गेलीय. सुभद्राही कधी मागायची नाही, नुसतं कुठल्या तरी तिसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायची. मला उशिरा कळायचं. कधी कधी फारच उशिरा.

११ जाने.

नववा लागला. आणि आज जावईबापू आले. शाळेचं काम सुरतेला होतं म्हणाले. रविवारी कसलं काम, मी विचारलं नाही.

मोटार बघितली. पायरी चढून आत, सगळं हातानं चाचपून. खालची खिडकी, वरची खिडकी, पोत्याचं छत. जिजीनं विटा लावून ठेवल्या होत्या. बाजेवर बसले, जोडे काढले. बोलता बोलता कलंडले आणि झोपले. मी दारात बसून त्यांचा श्वास मोजत राहिलो, जीव थाऱ्यावर नव्हता माझा. उठले ते हसतच.

“डोकं?”

“हलकं आहे आप्पा. भूक लागलीय.”

जेवताना इकडचं तिकडचं. जिजी वाढत होती. मग भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणाले, “आईनं एक विचारायला सांगितलंय.”

मी ताटातून वर पाहिलं.

“शेत जवळ, खिडक्या उघड्या. म्हणते, डासांचं काय करणार?”

जिजी पटकन म्हणाली, “जाळी बसाडणार शे तो.” जाळीचं मी बापजन्मात मनात आणलं नव्हतं.

“मग तसं सांगतो,” जावई म्हणाले. सुलीला आणायचं की नाही, ते सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं गेले. सोबत पोंक बांधून दिला, वाळला तर वाळला.

१२ जाने.

सकाळीच उधना. बारीक जाळी दोन प्रकारची, तारेची आणि कापडी. तारेची टिकते पण गंजते, पुन्हा हवा थोडी अडते का काय. दुकानदाराला म्हणालो, तोंडासमोर धर आणि फुंक. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण फुंकला. कापडीतून श्वास माझ्या हाताला लागला. कापडी घेतली.

खिळे जिजीच्या पोराकडून. लाकडाच्या पट्ट्या आहेत घरात.

खालची खिडकी झाली. वरचीला उंची पुरत नाही, पिंपावर चढावं लागेल. उजेड आहे तोवर ती पण करून घेतो.